ना बालकांत, ना प्रौढांत!

मुंबईतल्या कोणत्याही मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात सकाळी नऊच्या सुमारास केसपेपरच्या खिडकीसमोर उभे राहावे आणि चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन आलेल्या आईची कशी त्रेधा उडते ते पाहावे. बालरोग विभागात जावे, तर तेथे भिंतीवर ससे आणि हत्ती रंगवलेले, बाकांवर लाळेरे बांधलेली पोरे, आणि पुष्कळ ठिकाणी दारावरची परिचारिका सांगणार, "बारा वर्षांच्या वरची मुले इथे नाहीत!" स्त्रीरोग विभागात जावे, तर गरोदर बायकांच्या रांगेतून त्या पोरीकडे अशा नजरा वळणार की, धरणीने दुभंगून आपल्याला पोटात घ्यावे असे तिला व्हावे. राहता राहिला मोठ्यांचा सामान्य विभाग. तेथे दम्याने धापा टाकणारे आजोबा आणि मधुमेहाचे बुजुर्ग ह्यांच्या गर्दीत तिचा नंबर लागणार, आणि लागला की दीड मिनिटात संपणार. ही मुलगी बालक नाही आणि प्रौढही नाही. मग तिचा वैद्य कोण?

हा प्रश्न एका मुलीचा असता तर आम्ही त्यासाठी पहिल्या पानावरची जागा अडवली नसती. २०११ च्या जनगणनेत दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींची संख्या पंचवीस कोटींच्या वर भरली होती. दर पाच भारतीयांमागे एक! एवढ्या अफाट प्रजेचे आरोग्य कोणाच्या हाती आहे, आणि ज्यांच्या हाती आहे त्यांना ते कसे सांभाळावे हे कोणी शिकवले आहे काय, एवढेच आज आम्हाला विचारावयाचे आहे.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणण्याचा आडमुठेपणा आम्ही करणार नाही. ७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाची घोषणा झाली. किशोरवयीनांसाठी वेगळी केंद्रे निघाली. महाराष्ट्रात त्यांचे 'मैत्री' असे गोड नामकरणही झाले. २०२० साली शाळांमधून आरोग्यदूत म्हणून शिक्षक नेमण्याची योजना आली. कागदावरची रचना पाहिली तर दोष काढावयास जागा थोडी. पण दवाखाना म्हणजे पाटी, टेबल आणि दोन खुर्च्या नव्हेत. त्या खुर्चीत कोण बसले आहे, त्याला ऐकता येते काय, विचारता येते काय, आणि ऐकलेले पोटात ठेवता येते काय, ह्यावर सारे अवलंबून. 'मैत्री' हे नाव सरकारी आदेशाने देता येते. मैत्री करणे मात्र शिकावे लागते. आणि आमचा आरोप नेमका हाच आहे की, हे शिक्षण आपल्या डॉक्टरांना, परिचारिकांना आणि गावोगावच्या आरोग्यसेविकांना आपण आजवर धड दिलेलेच नाही.

तपासणीच्या खोलीत काय घडते ते जरा बारकाईने पाहू. मुलगी आईबरोबर येते. पोटात दुखते अशी तक्रार असते. डॉक्टर विचारतात आईला: "केव्हापासून दुखतंय? पाळी नियमित येते ना? जेवते का नीट?" उत्तरे देते आई. मुलगी फरशीकडे पाहत असते. मुलगी थोडी मोठी असली तर डॉक्टर एक ठरावीक प्रश्न टाकतात, "लग्न झालंय का?" ह्या तीन शब्दांच्या आड वेगळाच प्रश्न दडलेला असतो हे डॉक्टरांना ठाऊक असते, आईला ठाऊक असते आणि मुलीला तर असतेच असते. उत्तर 'नाही' असे येते आणि त्या 'नाही'बरोबर पुढची सारी चौकशी बंद होते. आपल्या वैद्यकशास्त्राने सभ्यतेच्या नावाखाली शोधून काढलेला हा एक विलक्षण प्रश्न आहे. तो विचारणाऱ्याला काही कळू देत नाही आणि जिला विचारला तिला काही सांगू देत नाही! मग ती पोटदुखी अपचनाची आहे, परीक्षेच्या धास्तीची आहे, घरातल्याच कोणाच्या छळाची आहे की तीन महिने लपवलेल्या गर्भाची आहे, हे कळावे कसे? अपचनाच्या गोळ्या लिहून दिल्या जातात. आईचे समाधान होते. पुढचा नंबर पुकारला जातो.

आणि समजा, मुलीने धीर करून खरे सांगितलेच, तर तिच्या वाट्याला काय येते? "ह्या वयात हे धंदे?" असा प्रश्न पांढऱ्या कपड्यातल्या माणसाच्या तोंडून तिने ऐकला की, त्या रुग्णालयाची पायरी ती पुन्हा चढत नाही. ती औषधाच्या दुकानातून कोणाकरवी गोळ्या आणवते, नाही तर गल्लीतल्या एखाद्या भोंदूच्या हवाली होते. त्या ओठांवरच्या एका वाक्याने किती मुली मेल्या ह्याची नोंद कोणत्याही मृत्युदाखल्यावर होत नाही. तेथे 'रक्तस्राव' लिहिलेले असते किंवा 'जंतुसंसर्ग'.

मुलग्यांचे काय? त्यांच्याविषयी तर कोणी चकार शब्दही बोलत नाही. त्यांना पाळी येत नाही, दिवस जात नाहीत, म्हणून त्यांना प्रश्नच नाहीत, असे आपण गृहीत धरून चाललो आहोत. लोकल गाडीच्या खिडकीतून रुळांकडेच्या भिंती पाहा. 'गुप्तरोग', 'हमखास इलाज', 'एकदा भेटा'! ह्या जाहिराती कोणासाठी रंगवलेल्या असतात? पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला झोपेत वीर्यस्खलन होते, ते निसर्गक्रमाने होते. पण कोणीतरी त्याच्या कानात 'धातू जाते, ताकद जाते' असे भरवलेले असते. तो खंगतो, अभ्यासातून उठतो, आरशात स्वतःचे गाल बसलेले पाहतो. ह्या भयगंडाला डॉ. एन. एन. विग ह्या भारतीय मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० साली 'धात' विकार असे नाव देऊन शास्त्रीय वाङ्मयात आणले. अशा जादुई औषधांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा तर १९५४ पासून आहे. कायदा म्हातारा झाला, भिंती मात्र रंगतच आहेत! कारण त्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर देणारा दुसरा कोणी त्याला भेटतच नाही. घरचा फॅमिली डॉक्टर हा त्याच्या बापाचा मित्र असतो. त्याला सांगितलेले संध्याकाळी घरी पोचणार, ही भीती मुलाच्या मनात असते आणि ती अगदीच निराधार नसते.

ह्या बाबतीत महाराष्ट्राने पूर्वी दाखवलेले धाडस आठवले की आजच्या भित्रेपणाची अधिकच शरम वाटते. र. धों. कर्वे ह्यांनी १९२१ साली ह्याच मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ साली मृत्यूने गाठेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले. लोकांनी लाज काढली, अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली त्यांची बाजू न्यायालयात मांडावयास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. ज्या प्रांतात हे घडले त्याच प्रांताने २००७ साली, इतर काही राज्यांच्या जोडीने, शाळांतले किशोरावस्था-शिक्षण संस्कृतिरक्षणाच्या आरडाओरड्यापुढे मान तुकवून थांबवले! शाळेत सांगावयाचे नाही, घरी बोलावयाचे नाही, आणि डॉक्टरला बोलता येत नाही. तेव्हा मग भिंतीवरच्या जाहिरातीने आणि हातातल्या मोबाइलने शिकवले तर दोष कोणाचा?

पण आम्हाला आणखी मागे जावयाचे आहे. आनंदीबाई जोशी ह्यांचा उल्लेख आपल्याकडे सदैव पहिल्या स्त्री-डॉक्टरांच्या मालिकेत, अभिमानाने छाती फुगवून होतो. त्या डॉक्टर होण्याआधी काय होत्या, हे मात्र आपण विसरतो. त्या एक किशोरवयीन रुग्ण होत्या. १८६५ साली जन्मलेल्या ह्या मुलीचे लग्न नवव्या वर्षी झाले, चौदाव्या वर्षी ती बाळंत झाली, आणि तिचे मूल दहा दिवसांत गेले. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर ते वाचले असते, ही टोचणी तिला सात समुद्रांपलीकडे फिलाडेल्फियाला घेऊन गेली. तिचे इंग्लंड-अमेरिकेत कौतुक झाले, ११ मार्च १८८६ रोजी तिला पदवी मिळाली, आणि पुढच्याच फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, क्षयाने ती पुण्यात वारली. बालपणीचे लग्न, कोवळ्या वयातले बाळंतपण, क्षय! आजच्या किशोर-आरोग्याच्या पाठ्यपुस्तकातली अर्धी प्रकरणे त्या एका आयुष्यात आहेत. चौदा वर्षांच्या त्या बाळंतिणीजवळ तेव्हा कोणी शिकलेले माणूस असते तर?

हे सारे एकोणिसाव्या शतकातले म्हणून कोणी हात झटकू नये. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, वीस ते चोवीस वर्षांच्या महाराष्ट्रीय स्त्रियांपैकी शेकडा जवळजवळ बावीस जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी शेकडा सात ते आठ जणी त्या वेळी आई झालेल्या वा गर्भवती होत्या. देशभरात ह्याच वयाच्या शंभरातल्या एकोणसाठ मुलींच्या अंगात रक्त कमी होते. आणि मुलगेही ह्यातून सुटलेले नाहीत, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा एकतीस होते. त्यावर लोहाच्या निळ्या गोळीची साप्ताहिक योजना आहे आणि ती चांगली आहे. पण ही गोळी उपाशीपोटी घेतली तर मळमळते, आणि तिने शौचाचा रंग काळा होतो, ह्या दोन साध्या गोष्टी जिने समजावून सांगावयाच्या तिलाच त्या नीट सांगितलेल्या नसतील, तर घाबरलेली पोर गोळी खिडकीबाहेर टाकते. कागदावर मात्र 'गोळी दिली' अशी खूण होते. प्रशिक्षण म्हणजे काही अगम्य विद्या नव्हे; पुष्कळदा ते इतके साधे असते.

तथापि सारेच इतके सोपे नाही. ह्या वयाच्या रुग्णाशी बोलणे हे एक स्वतंत्र कौशल्य आहे, आणि जगाने ते केव्हाच ओळखले आहे. अमेरिकेत बॉस्टनच्या बाल रुग्णालयात डॉ. रॉस्वेल गॅलघर ह्यांनी १९५१ साली किशोरवयीनांसाठी पहिला स्वतंत्र विभाग उघडला. पुढे १९७२ साली सिॲटलच्या डॉ. हार्वे बर्मन ह्यांनी प्रश्नांचा एक क्रम बसवला. कोहेन आणि गोल्डनरिंग ह्या डॉक्टरांनी तो घडवला आणि १९८८ साली प्रसिद्ध केला. 'हेड्स' ह्या संक्षिप्त नावाने तो आज जगभर वापरला जातो. त्यातली खुबी पाहण्यासारखी आहे. आधी घराविषयी विचारावयाचे: कोण कोण असते, कोणाशी जमते? मग शाळेविषयी. मग फावल्या वेळाचे छंद आणि मित्रमंडळ. तेथून तंबाखू, दारू, नशा. त्यानंतर लैंगिक बाबी, आणि शेवटी मनाची उदासी व आत्महत्येचे विचार. अंगणातून ओसरीवर, ओसरीवरून माजघरात, असा हा प्रवास आहे. पाहुण्याने एकदम माजघरात शिरू नये, हे आपल्या खेड्यातल्या अडाणी माणसालाही कळते. आपले डॉक्टर मात्र एक तर थेट माजघरात शिरतात, नाही तर अंगणातूनच परत फिरतात.

ह्या साऱ्याच्या आधी एक गोष्ट करावी लागते. आईला बाहेर बसवावे लागते. "काकू, तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसा. ह्या वयाच्या सगळ्याच मुलामुलींशी मी थोडा वेळ वेगळं बोलते," एवढे वाक्य सहजपणे, आईला न दुखवता आणि मुलीला न बिचकवता उच्चारावयास डॉक्टरला शिकावे लागते. 'सगळ्याच' हा त्यातला शब्द कळीचा आहे. त्याने संशयाला जागा उरत नाही. अंगाला हात लावून तपासावयाचे असेल तेव्हा परिचारिकेने जवळ असावे, पडदा खरोखरच ओढलेला असावा, हेही त्याच शिक्षणातले.

असे शिकवल्याने खरेच काही फरक पडतो काय, अशी शंका आमच्या व्यवहारी वाचकांस येईल. ती रास्त आहे, आणि तिला उत्तरही आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे सामान्य डॉक्टरांवर एक नियंत्रित प्रयोग करण्यात आला आणि २००० साली तो 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. शंभराहून थोडे अधिक डॉक्टर त्यात होते. त्यांच्यातल्या एका गटाला आठवड्यातून अडीच तास, असे सहा आठवडे शिक्षण देण्यात आले, दुसऱ्याला नाही. शिकलेल्यांचे ज्ञान, त्यांचे बोलण्याचे कौशल्य आणि त्यांचा आत्मविश्वास वाढला, आणि वर्षभरानंतर तपासले तेव्हाही तो टिकून होता. पंधरा तासांचा हा खर्च! आपल्याकडे एखाद्या औषध कंपनीच्या पंचतारांकित परिषदेत ह्याहून अधिक तास भोजनात जातात.

त्या प्रयोगात किशोरवयीन रुग्णाची भूमिका वठवावयास शिकवून तयार केलेले नट बसवले होते. चुकायचे ते त्यांच्यासमोर चुकावे, खऱ्या मुलीसमोर नव्हे, हा हेतू. महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. १९६३ पासून पुरुषोत्तम करंडकासाठी घसा फोडणारी महाविद्यालयीन मुले ज्या प्रांतात पिढ्यानुपिढ्या निपजतात, तेथे नटांचा दुष्काळ खासच नाही! आमच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी शेजारच्या महाविद्यालयाच्या नाट्यमंडळाला निरोप धाडावा. रुसलेला मुलगा, खोटे बोलणारी मुलगी, मध्येच तोंड घालणारी आई, ह्या भूमिका ती मंडळी अशा हुबेहूब करतील की प्राध्यापकांनाही घाम फुटेल.

अभ्यासक्रमात हा विषय नाही असे नाही. २०१९ पासून देशात लागू झालेल्या वैद्यकीय पदवीच्या नव्या अभ्यासक्रमात किशोर-आरोग्याला बालरोगशास्त्रात स्वतंत्र स्थान मिळाले. 'हेड्स' पद्धतीची चौकशी, रुग्णाची गुप्तता, किशोर-केंद्राला भेट, हे सारे त्यात लिहिलेले आहे. त्याबद्दल आम्ही अभ्यासक्रम करणाऱ्यांचे मनापासून अभिनंदन करतो. परंतु आपल्याकडे विद्यार्थी अभ्यासक्रम वाचत नाहीत, गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका वाचतात! अंतिम परीक्षेत हृदयाचा आवाज ऐकवून दाखवावा लागतो, म्हणून तो प्रत्येकाला ऐकता येतो. पंधरा वर्षांच्या मुलाशी दहा मिनिटे बोलून दाखवा, असे कोणत्या परीक्षकाने कोणाला सांगितले? आणि ज्या प्राध्यापकांनी हे शिकवावयाचे त्यांना त्यांच्या उमेदीत ते कोणी शिकवले होते?

डॉक्टरला काय शिकवले जाते ह्याला किती महत्त्व आहे ते आणखी एका गोष्टीवरून दिसते. कौमार्यचाचणी नावाचे थोतांड वर्षानुवर्षे न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत शास्त्र म्हणून नांदत होते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यकतज्ज्ञाने त्याचा पिच्छा पुरवला आणि २०१९ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तो भाग अभ्यासक्रमातून काढावयाचे ठरवले. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बलात्कारपीडितेच्या 'दोन बोटांच्या' तपासणीस मज्जाव करून, अभ्यासक्रम तपासावयास सांगितले. एवढे होऊनही २०२४ च्या ऑगस्टअखेर राष्ट्रीय आयोगाने काढलेल्या नव्या मार्गदर्शिकेत जुनीच भुते पुन्हा अवतरली, आणि गदारोळ झाल्यावर आठवड्याच्या आत ती मागे घ्यावी लागली! आमच्या वैद्यकीय शिक्षणाच्या शिखरावर अजून कोणती समजूत वावरते आहे, ह्याची ती चुणूक होती.

आता सर्वांत अवघड गाठ. ती कायद्याची. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने, म्हणजे पोक्सोने, अठरा वर्षांखालील प्रत्येकाचा शरीरसंबंध गुन्ह्याच्या कक्षेत आणला. असा प्रकार कळला की पोलिसांना सांगणे प्रत्येकावर बंधनकारक झाले. न सांगितल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. हेतू उदात्त होता ह्याबद्दल आम्हाला शंका नाही. नराधमांना पाठीशी घालणाऱ्या मौनाला ह्या तरतुदीने तडा गेला. पण सतरा वर्षांची मुलगी आणि अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा ह्यांच्या प्रेमातून ती गर्भवती झाली तर? १९७१ च्या गर्भपात कायद्याप्रमाणे पालकांची लेखी संमती घेऊन तिला उपचार मिळू शकतात. मात्र डॉक्टरपुढे पोलीस ठाण्याचे सावट उभे राहते आणि तो म्हणतो, "आमच्याकडे होत नाही, दुसरीकडे जा." ह्या पेचातून वाट काढण्यासाठी २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, मुलीची व तिच्या पालकांची तशी विनंती असल्यास, गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना वर्दी देताना तिचे नाव व ओळख उघड करण्याची गरज नाही. जिल्ह्याच्या गावी, तालुक्याच्या गावी बसलेल्या डॉक्टरला हा निकाल कोणी समजावून दिला आहे काय? तो ज्याला ठाऊक आहे त्याच्या दारातून मुलगी बरी होऊन जाते; ज्याला ठाऊक नाही त्याच्या दारातून ती भोंदूकडे जाते. संमतिवयाचा वाद ह्या प्रांताला नवा नाही. १८९१ साली ते दहावरून बारावर नेताना येथे केवढे रण माजले होते! २०२३ च्या सप्टेंबरमध्ये विधी आयोगाने ते अठरावरून खाली आणू नये असे सुचवले, आणि सोळा ते अठरा वयाच्या प्रकरणांत न्यायाधीशांना तारतम्याची मुभा द्यावी असेही म्हटले. तो वाद आज येथे सोडवण्याचा आमचा विचार नाही. कायदा आहे तसा गृहीत धरूनही डॉक्टरला प्रामाणिक राहता येते. त्याने मुलीला खोटे वचन देऊ नये. "तू सांगशील ते मी बाहेर सांगणार नाही; पण तुझ्या जिवाला धोका असेल, तुला कोणी त्रास देत असेल, किंवा कायद्याने मला सांगणे भाग असेल, तर तुला आधी सांगून मगच मी पुढे जाईन," असे बोलण्यापूर्वीच स्पष्ट करावे. विश्वासघात टळतो तो एवढ्याने. पण हे वाक्य वेळेवर सुचत नाही. ते आधी घोकून, बोलून, जिभेवर बसवावे लागते.

आईबापांना दूर सारण्याचा हा कट आहे, असा गैरसमज काही सज्जन करून घेतील. त्यांना आम्ही एवढेच सांगतो की, घरी बोलण्याचे धैर्य नसलेल्या मुलाला ते धैर्य देऊन, हाताला धरून आईबापांपाशी परत आणणे हे ह्या डॉक्टरचे अर्धे काम असते. बंद खोलीतली ती पाच मिनिटे घर फोडण्यासाठी नसतात.

मनाच्या आजारांचे काय सांगावे! २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत तेरा ते सतरा वयाच्या शंभरातल्या सात मुलांना मानसिक विकार असल्याचे आढळले. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद सरकारी दप्तरात आहे, आणि राज्यवार यादीत महाराष्ट्राचा क्रमांक वरचा होता. त्यांच्यापैकी कितीजण आधीच्या काही महिन्यांत डोकेदुखी, पोटदुखी, झोप न येणे असल्या तक्रारी घेऊन कोणत्या ना कोणत्या डॉक्टरसमोर बसले असतील! 'जीव द्यावासा वाटतो का?' असे विचारले तर मुलाच्या डोक्यात नसलेला विचार भरेल, ही समजूत डॉक्टरांतही आढळते. ती खोटी आहे. विचारल्याने विचार येत नाही. उलट ज्याच्या मनात तो आधीच असतो त्याला बोलावयास वाट मिळते.

दीर्घ आजाराच्या मुलांची कहाणी वेगळी आणि तितकीच हृदयद्रावक आहे. थॅलसेमियाची, मधुमेहाची, जन्मतः एचआयव्ही घेऊन आलेली, संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप बिघडलेली मुले आज औषधांच्या बळावर मोठी होतात. शास्त्राचा हा केवढा विजय! पण सोळा-सतराव्या वर्षी तीच मुले औषध सोडतात. दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे दुखरे इंजेक्शन घ्यावयास मुलगा कंटाळतो, मित्रांपासून लपवून लपवून थकतो. त्याच सुमारास बालरोग विभाग त्याला निरोप देतो आणि मोठ्यांच्या विभागात त्याला ओळखणारे कोणी नसते. हातातली फाइल ह्या इमारतीतून त्या इमारतीत जाते, मुलगा मधल्या रस्त्यावर हरवतो. लहानपणी ज्यांनी वाचवले त्यांच्या साऱ्या श्रमांवर ह्या दोन इमारतींमधले अंतर पाणी फिरवते.

अडचणी आम्हाला दिसत नाहीत असे नव्हे. दिवसाला दीडशे-दोनशे रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरला आम्ही कोणत्या तोंडाने सांगावे की प्रत्येक मुलाला अर्धा तास दे? तसे कोणी सांगूही नये. हे काम एकट्या डॉक्टरचे नाहीच. परिचारिका, समुपदेशक, आशा, आणि महाराष्ट्राच्या खेड्यांत उपकेंद्रे सांभाळणारे आयुर्वेदाचे पदवीधर, ह्या साऱ्यांना त्यात वाटा हवा आणि त्या साऱ्यांना शिक्षण हवे. गडचिरोलीसारख्या दूरच्या मुलखात डॉ. राणी बंग ह्यांनी 'तारुण्यभान' शिबिरांतून हजारो मुलामुलींशी मोकळेपणाने संवाद साधला, तो काही संगमरवरी इमारतीच्या जोरावर नव्हे. जे तेथे जमले ते परळला आणि शीवला का जमू नये?

तेव्हा महाराष्ट्राच्या आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण ह्या दोन्ही खात्यांना आम्ही साफ विचारतो. 'मैत्री' केंद्रांत बसणाऱ्यांपैकी किती जणांचे प्रशिक्षण झाले, ते किती दिवसांचे होते, आणि त्यांतले कितीजण बदली होऊन दुसऱ्याच कामाला जुंपले गेले, हा हिशेब जिल्हावार प्रसिद्ध करावयास काय हरकत आहे? सरकारी बाह्यरुग्ण विभागाची वेळ आणि शाळेची वेळ बहुधा एकच असते. आठवड्यातले दोन दिवस तरी ही केंद्रे संध्याकाळी उघडी ठेवणे अशक्य आहे काय? आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला आमचे सांगणे आहे की, त्याने परिपत्रके काढण्याचे श्रम घेऊ नयेत. येत्या अंतिम परीक्षेत प्रत्येक परीक्षार्थीला एका खोलीत पाठवावे. तेथे पंधरा वर्षांचे एक पात्र आपल्या आईसह बसलेले असावे. आणि आई बाहेर कशी गेली व दार लागल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारला गेला, ह्याला गुण द्यावेत.